सर्व्हिसिंग कुठे करायचं, आणि पार्ट घेण्याआधी चेसिस नंबर का पाठवायचा

आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सातारा

काउंटरवर दोन प्रश्न रोज येतात. "गाडी कंपनीत टाकू की तुमच्याकडे?" आणि "पार्ट मी आणतो, तुम्ही फक्त बसवून द्या, चालेल ना?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यापायी तुमचाही दिवस जातो आणि आमचाही, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिलं आहे.

वॉरंटीतली गाडी

गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिची मुदत संपेपर्यंतही तिथेच. प्रत्येक सर्व्हिस वेळेत झाली आणि कंपनीच्या सिस्टिमवर तिची नोंद असली, तर क्लेमच्या वेळी वाद होत नाहीत. फ्री सर्व्हिसमध्ये फक्त मजुरी माफ असते. ऑइल, फिल्टर, कूलंटचे पैसे लागतात.

"बाहेरच्या गॅरेजने हात लावला की वॉरंटी गेली" हा विषय जुना आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती, साधनं स्वतंत्र गॅरेजपर्यंत पोचू न देणं हा त्यातला मोठा आक्षेप होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. त्यामुळे त्या आदेशाच्या भरवशावर क्लेम लढवायला जाऊ नका, वॉरंटी बुकलेटमधल्या अटी वाचा.

वॉरंटी संपल्यावरही काही कामं कंपनीतच होतात: एअरबॅग, नवी किल्ली कोड करणं, इंजिन कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर. रिकॉलचं कामही तिथलंच, आणि ते फुकट असतं. कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून एकदा तपासून घ्या. अशी कामं आमच्याकडे आली तर आम्हीच तुम्हाला तिकडे पाठवतो.

बाकीची नेहमीची कामं, म्हणजे सर्व्हिसिंग, ब्रेक, क्लच, सस्पेन्शन, यांसाठी वॉरंटीनंतर कंपनीत जायचंच असं नाही. गेलात तर जॉब कार्डावर सही करण्याआधी त्यावरच्या ओळी वाचा. इंजिन ड्रेसिंग, एसी डिसइन्फेक्शन, कसली तरी 'ट्रीटमेंट' अशा ओळी ऐच्छिक असतात, नको म्हटलं की निघतात. आमच्याकडे काढलेला जुना पार्ट डिकीत ठेवून मिळतो आणि काम करणाऱ्या मेकॅनिकशी थेट बोलता येतं.

घरी काय करावं

एअर फिल्टर, ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर, वायपर ब्लेड, टायरची हवा. ही कामं खुशाल घरी करा, त्यासाठी मजुरी का द्यायची? कूलंट कमी दिसलं तर इंजिन गार असताना रिझर्व्ह टाकीत भरा, पण नळाचं पाणी नको. त्याने रेडिएटरच्या आत क्षार धरतो.

ऑइल बदलणंही घरी जमतं, पण आमच्याकडे निस्तरायला येणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. ड्रेन प्लगचा वॉशर जुनाच राहतो. प्लग जोर लावून आवळला जातो आणि ॲल्युमिनियमच्या ऑइल पॅनचे आटे जातात. सगळ्यात वाईट म्हणजे जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहतं आणि त्यावर नवा फिल्टर बसतो. दोन रबरं एकावर एक आली की गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात ऑइल बाहेर फेकलं जातं. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून आमच्याकडे आणा. आम्ही ते अधिकृत रिसायकलरला देतो.

आता मुख्य मुद्दा: स्वतः आणलेला पार्ट

पुण्याच्या नाना पेठेतून किंवा ऑनलाइन घेतलेला पार्ट दिसायला बरोबर असतो. डब्यावर मॉडेलचं नावही असतं. पण नुसतं 'स्विफ्ट' म्हणून भागत नाही. पेट्रोल स्विफ्टचा ऑइल फिल्टर पत्र्याच्या डब्यासारखा, आट्यांवर फिरवून बसवायचा. १.३ डिझेलचा मात्र हाऊसिंगच्या आत बसणारा कागदी. दोन्हींचा क्लच सेटही वेगळा. एकाच मॉडेलला मधल्या वर्षात ब्रेकचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बदललेला असतो, आणि मग ब्रेक पॅडचा कान, म्हणजे कडेचं टोक, दोन मिलिमीटरने अडतो. तो घासून बसवा असं आम्हाला सांगू नका. घासलेला पॅड ब्रॅकेटमध्ये नीट सरकत नाही, एका बाजूने झिजतो, आणि यवतेश्वर घाट उतरताना गाडी एका बाजूला ओढते.

ब्रेक पॅडचं निदान निस्तरता येतं. जुने पॅड परत बसवून गाडी जाते, फक्त रॅम्पचे दीड-दोन तास वाया जातात आणि मागच्या गाड्या खोळंबतात. क्लचचं तसं नाही. गिअरबॉक्स उतरल्यावर सेट चुकीचा निघाला, तर योग्य सेट येईपर्यंत गाडी रॅम्पवर अडकते. ती बाजूलाही ढकलता येत नाही, कारण ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा दांडा) काढलेल्या चाकावर वजन आलं की बेअरिंग खराब होऊ शकतं.

म्हणून पार्ट घेण्याआधी १७ अक्षरी चेसिस नंबर पाठवा. तो आरसीवर असतो, विमा पॉलिसीवरही असतो. काही ॲपवर त्यातली अक्षरं फुल्यांनी झाकलेली असतात, तसा नंबर उपयोगाचा नाही. पूर्ण नंबरावरून आम्ही पार्ट नंबर काढून देतो. मग तो आमच्याकडून घ्या की बाहेरून, तुमची मर्जी.

आमच्याकडून घेतलेल्या पार्टवर आम्हाला दोन पैसे सुटतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तो बसला नाही किंवा खराब निघाला, तर परत करण्याची धावपळ आमची आणि पुन्हा खोलायची मजुरीही आम्ही घेत नाही. तुम्ही आणलेल्या पार्टला फक्त बसवण्याची गॅरंटी मिळते. तो खराब निघाला तर दुसऱ्यांदा मजुरी पडेल. ती मागितली की काही जणांना राग येतो, म्हणून आधीच लिहून ठेवलं.

तीन प्रकार लक्षात ठेवा: कार कंपनीच्या डब्यातला, तोच पार्ट बनवणाऱ्याच्या स्वतःच्या डब्यातला, आणि लोकल. क्लच, पॅड, फिल्टर बहुतेक कार कंपन्या स्वतः बनवत नाहीत. त्यामुळे दुसरा प्रकार बऱ्याचदा स्वस्तात चांगला मिळतो, आम्हीही तोच सुचवतो. लोकल पॅड आम्ही बसवत नाही.

ऑइल आणायचं असेल तर

सीलबंद कॅन आणा आणि ग्रेड मॅन्युअलमधलाच घ्या. ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या इंजिनात 'जाड ऑइल बरं' म्हणून १५डब्ल्यू-४० ओतू नका. बीएस-६ डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राख सोडणारं, म्हणजे मॅन्युअलमध्ये दिलेल्या सी२ किंवा सी३ सारख्या वर्गातलंच ऑइल लागतं. साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये साठत जाते आणि ती जळून निघत नाही. रिकामा कॅन आम्ही तुमच्यासमोर भोक पाडून टाकतो, नाहीतर त्यात बनावट ऑइल भरून तो पुन्हा बाजारात येतो.

गाडी आणण्याआधी व्हॉट्सॲपवर चेसिस नंबर, किलोमीटर आणि मागच्या सर्व्हिसचं बिल पाठवा. पार्ट स्वतः आणला असेल तर डब्यावरच्या पार्ट नंबरचा फोटोही पाठवा, आणि आमचा होकार येईपर्यंत सील फोडू नका. फोडलेला डबा दुकानदार परत घेत नाही. क्लचच्या कामासाठी गाडी आदल्या संध्याकाळीच लावून जा.