मॉरिस आणि कंपनीची विणलेली कापडे

इंग्लंडमधील ‘आर्ट्‌स अँड क्राफ्ट्‌स’ या हस्तकारागिरीला महत्त्व देणाऱ्या चळवळीचे अग्रणी विल्यम मॉरिस (१८३४–९६) यांच्या लंडनच्या कंपनीने १८७० च्या दशकापासून तयार केलेली पडद्यांची व भिंतींवर लावायची कापडे. मॉरिस म्हटले की ‘स्ट्रॉबेरी थीफ’मधले फळे पळवणारे पक्षी डोळ्यांपुढे येतात, पण ते १८८३ चे छापील सुती कापड आहे. ही नोंद नक्षी मागावरच उतरलेल्या कापडांची.

हाताच्या कामाचा कैवार घेणाऱ्या मॉरिसनी १८७७ मध्ये फ्रान्समधील लिआँहून बाझँ नावाचा रेशीम विणकर बोलावला आणि जकार्ड माग उभा केला. जकार्डमध्ये भोके पाडलेले पुठ्ठे ताण्याचे, म्हणजे मागावर ताणलेले कोणते उभे धागे उचलायचे ते ठरवतात. विणकराला नक्षीत फेरफार करायला वाव उरत नाही. चळवळीच्या तत्त्वांशी हे फारसे जुळणारे नव्हते. शिवाय बरेच काम बाहेरच्या कारखान्यांतूनही विणून येई.

‘बर्ड’ आणि ‘पीकॉक अँड ड्रॅगन’ ही १८७८ ची लोकरी कापडे या प्रकारातली सर्वांत देखणी. ‘बर्ड’ मॉरिसनी हॅमरस्मिथच्या आपल्या घरातील दिवाणखान्यात भिंतीभर चुण्या घालून टांगले होते. ते दुपदरी आहे. दोन पदर एकाच वेळी विणले जातात आणि नक्षीत रंग बदलतो तिथे वरचा पदर खाली, खालचा वर येतो. कापड उलटले की तेच पक्षी उलट्या रंगांत दिसतात.

नव्या रासायनिक रंगांचा मॉरिसना तिटकारा होता. लीक गावच्या टॉमस वॉर्डल यांच्या रंगशाळेत ते नीळ, मंजिष्ठेच्या जातीची मुळे आणि वेल्ड ही पिवळा रंग देणारी वनस्पती यांचे प्रयोग करत. हेच वॉर्डल भारतातील टसर रेशमाच्या रंगाईसाठीही ओळखले जातात. हिरवा रंग पिवळ्यावर नीळ चढवून मिळे. उन्हात पिवळा आधी उडतो, म्हणून जुन्या तुकड्यांतली पाने पुष्कळदा निळसर दिसतात.

१८८१ मध्ये कारखाना वँडल नदीकाठच्या मर्टन ॲबी येथे गेला; तो १९४० मध्ये बंद पडला. तेथे हाताने विणलेली चित्रपट्टे, म्हणजे टॅपेस्ट्रीही होत. ही कला मॉरिस आधी स्वतः शिकले होते, तीही झोपण्याच्या खोलीत माग मांडून. १८७९ मधील ‘अकँथस अँड व्हाइन’ या पहिल्या पट्टाला लागलेले तास त्यांनी वहीत टिपून ठेवले आहेत: ५१६.