शिरेपासून फ्रीजरपर्यंत: रक्तातलं एसीटीएच मोजताना

सकाळी आठला घेतलेल्या रक्ताच्या एका मिलिलिटर प्लाझ्मात, म्हणजे पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवात, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक साधारण ५० ते २५० नॅनोग्रॅम असतं. ते तयार करायला लावणारं एसीटीएच मात्र ढोबळमानाने १० ते ६० पिकोग्रॅम, म्हणजे वजनाने काही हजार पटींनी कमी. ३९ अमिनो आम्लांचं हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या पुढच्या भागातून सुटतं आणि ताण आला की काही मिनिटांत वर चढतं. कॉर्टिसॉल त्याच्या मागून येतं. ताणावर संशोधन करणाऱ्यांना एसीटीएच मोजायचं असतं ते म्हणूनच. अडचण अशी की ते चटकन नासतं. चुकीचे आकडे बहुतेक वेळा यंत्रात नव्हे, तर शीर आणि फ्रीजर यांच्या मधल्या वेळात तयार होतात.

सुरुवात माणसापासून. एसीटीएच पहाटे ते सकाळी आठच्या सुमारास सर्वांत जास्त, मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी, आणि मधल्या वेळातही ते लाटांनी सुटतं. त्यामुळे सगळ्या सहभागींची वेळ एकच ठेवावी लागते. हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्यांचं घड्याळ सरकलेलं असू शकतं. त्यांचा गट वेगळा धरावा. हडपसरहून दुचाकीने कोथरूडला आलेल्या माणसाला तीन जिने चढवून लगेच सुई टोचली, तर आपण प्रवास, दम आणि सुईची भीतीच मोजतो. आधी कॅन्युला (शिरेतच ठेवायची बारीक नळी) बसवावी, किमान अर्धा तास आडवं राहू द्यावं, मग पहिला नमुना घ्यावा.

‘काही औषधं घेता का?’ हा प्रश्न पुरत नाही. दम्याचा इनहेलर, गुडघ्यातलं इंजेक्शन, त्वचेचं मलम, सांधेदुखीची लेबल नसलेली पुडी, असं एकेक नाव घेऊन विचारावं. स्टेरॉइड कुठूनही शरीरात गेलं तरी एसीटीएच दाबू शकतं. केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबद्दलही विचारावं; कारण पुढे येईलच.

नळी जांभळ्या झाकणाची, ईडीटीए असलेली, आणि आधीपासून गार केलेली. ईडीटीए रक्त गोठू देत नाही आणि प्रथिनं तोडणाऱ्या काही विकरांना (एन्झाइमना) लागणारे धातूचे आयन बांधून ठेवतं. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव, इथे उपयोगाचं नाही, कारण रक्त गोठेपर्यंत वाट पाहण्यातच संप्रेरक तुटतं. रक्त भरलं की नळी सात-आठ वेळा हळूच उलटी-सुलटी करायची आणि बर्फ-पाण्याच्या भांड्यात उभी करायची. नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा पाणी घातलेला चुरा चांगला, कारण तो नळीला सगळीकडून भिडतो. फ्रीजरमधून नुकत्याच काढलेल्या जेल पॅकला नळी टेकवू नये. रक्ताचा बर्फ होऊन पेशी फुटतात. फुटलेल्या पेशींतली विकरं एसीटीएच खातात. गुलाबी झालेला प्लाझ्मा सरळ बाद करावा.

सेंट्रिफ्यूज ४ अंश सेल्सिअसवर, १५०० ते २००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट), १० ते १५ मिनिटं. यंत्रावर फेऱ्या लिहिलेल्या असतात, जी नाही, आणि इथे फार जण फसतात. मिनिटाला ३५०० फेऱ्या म्हणजे १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर सुमारे २०५० जी, पण १० सेंटिमीटरच्या रोटरवर जेमतेम १३७०. प्लाझ्मा काढताना पांढऱ्या पेशींच्या थरावर अर्धा सेंटिमीटर तसाच सोडावा. एसीटीएच काचेला चिकटतं, म्हणून पॉलिप्रोपिलीनच्या नळ्या वापराव्यात. प्रत्येकीत ५०० मायक्रोलिटर भरून उणे ७० किंवा उणे ८० अंशांत ठेवावं, आणि एकदा वितळवलेलं पुन्हा गोठवू नये. पुण्यात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. अशा वेळी नमुने गोळा करून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेत पाठवण्यापेक्षा रक्त घेतो तिथेच थंड सेंट्रिफ्यूज असावं. खर्च वाढतो, पण हा खर्च वाचवण्यात अर्थ नाही.

प्लाझ्मातलं एसीटीएच मोजण्याची रेडिओइम्युनोअसे (किरणोत्सारी खूण आणि प्रतिपिंड वापरणारी) पद्धत अमेरिकी संशोधक रोझॅलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांच्या गटाने १९६४ मध्ये मांडली. आज बहुधा सँडविच एलायझा वापरतात. एक प्रतिपिंड (अँटिबॉडी) एसीटीएचच्या रेणूचं एक टोक धरतं, दुसरं दुसरं टोक; दोन्ही लागली तरच रंग येतो. अनेक किटांत पहिल्या प्रतिपिंडाला बायोटिन जोडलेलं असतं आणि ते चाचणीच्या प्लेटवरच्या, स्ट्रेप्टॅव्हिडिनचा (बायोटिनला घट्ट धरणाऱ्या प्रथिनाचा) थर असलेल्या खाचेला चिकटतं. रक्तात गोळ्यांचं बायोटिन भरपूर असेल तर ते ही जागा आधीच अडवतं आणि आकडा खोटाच कमी येतो. मोठ्या मात्रेच्या गोळ्या किमान तीन दिवस आधी थांबवाव्यात.

एका खाचेत किटनुसार साधारण २०० मायक्रोलिटर प्लाझ्मा लागतो आणि प्रत्येक नमुना दोन खाचांत लावायचा, म्हणजे ५०० ची एक नळी एका चाचणीला पुरते. एकाच माणसाचे सगळे नमुने एकाच प्लेटवर लावावेत. प्लेट धुताना उरलेला थेंब नीट झटकला नाही तर जोडीतले आकडे जुळत नाहीत. फरक १५ टक्क्यांवर गेला तर चाचणी पुन्हा करावी. टीएमबी या रंग देणाऱ्या रसायनाचा निळा रंग आम्लाने पिवळा होतो आणि तो ४५० नॅनोमीटरवर वाचतात. एसी बंद असेल तर उन्हाळ्यात रंग लवकर चढतो आणि वरची मानकं (एसीटीएचचं प्रमाण आधीच माहीत असलेले नमुने) यंत्राच्या आवाक्याबाहेर जातात. म्हणून प्रत्येक प्लेटवर मानकांचा वक्र नव्याने काढावा. कालचा वक्र आज चालत नाही.

आकडे आले की त्याच रक्तातलं कॉर्टिसॉल शेजारी ठेवून पाहावं. ते खोलीच्या तापमानालाही बऱ्यापैकी टिकतं. दोन्ही कमी असतील तर आधी स्टेरॉइडचा संशय घ्यावा. कॉर्टिसॉल नेहमीसारखं आणि एसीटीएच जवळपास शून्य असेल, तर निष्कर्ष काढण्याआधी त्या नळीची वेळ-नोंद उघडावी: रक्त किती वाजता घेतलं, बर्फात किती वाजता गेली, फ्रीजरमध्ये किती वाजता. नोंदच नसेल तर तो नमुना विश्लेषणातून वगळावा.