निबंधाचा समारोप : माध्यमिक शाळेतील अध्यापन

निबंधातील विवेचनातून जे निष्पन्न झाले ते वाचकापुढे ठेवणारा अखेरचा परिच्छेद म्हणजे समारोप. कोल्हापूर, सांगली व सातारा हे जिल्हे ज्याच्या कक्षेत येतात त्या कोल्हापूर विभागीय मंडळाच्या शाळांमध्येही, राज्यात इतरत्र होते त्याप्रमाणे, नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना प्रारंभ, मध्य व शेवट अशी निबंधाची रचना शिकवली जाते. यांपैकी प्रारंभावर सर्वाधिक मेहनत घेतली जाते आणि शेवट बहुधा पाठ केलेल्या सुभाषितावर किंवा ‘म्हणून आपण सर्वांनी…’ अशा आवाहनावर सोडून दिला जातो. समारोपाच्या अध्यापनातील मुख्य अडचण ही सवय मोडण्याची आहे.

शेवट कसा असावा या प्रश्नाचा भारतीय तर्कपरंपरेत फार पूर्वी विचार झालेला आहे. न्यायदर्शनातील पंचावयवी वाक्यात, म्हणजे पाच भागांच्या युक्तिवादात, प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (त्याचे कारण), उदाहरण व उपनय (उदाहरणातील नियम प्रस्तुत विषयाला लावणे) यांच्यानंतर निगमन (निष्कर्ष) येते. निगमनात प्रतिज्ञेचाच पुनरुच्चार असतो, पण तो हेतूच्या आधारे केलेला असतो. आरंभी जे केवळ सांगितले होते ते आता सिद्ध झालेले असते. मीमांसकही, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसादर्शनाचे अभ्यासकही, ग्रंथाचे तात्पर्य ठरवताना उपक्रम (आरंभ) व उपसंहार (शेवट) यांची एकवाक्यता पाहतात. शालेय निबंधाला हा निकष जसाच्या तसा लागू पडतो, आणि ‘शेवट प्रभावी करा’ या मोघम सूचनेपेक्षा तो विद्यार्थ्याला अधिक उपयोगी पडतो.

उदाहरणार्थ, ‘पंचगंगेचा पूर’ हा विषय घेता येईल. 2019 व 2021 च्या महापुरांमुळे चिखली, आंबेवाडी, शिरोळ या भागांतील मुलांना तो पुस्तकातून शिकावा लागत नाही. समजा, विद्यार्थ्याने मधल्या परिच्छेदांत अतिवृष्टी, पूररेषेच्या आत वाढलेली बांधकामे आणि उशिरा झालेले स्थलांतर ही कारणे मांडली आहेत. अशा निबंधाचा शेवट ‘निसर्ग आपला मित्र आहे, त्याचे रक्षण करू या’ असा केला, तर तीन परिच्छेदांचे श्रम वाया जातात, कारण हे वाक्य दुष्काळावरील निबंधालाही चालले असते. याउलट, ‘राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला पोहोचले की सूचना मिळते, 43 फुटांची धोका पातळी येईपर्यंतचा अवधी आपण गुरे व माणसे हलवण्यासाठी वापरतो की वाट पाहण्यात घालवतो, यावर नुकसान किती होणार हे बऱ्याच अंशी ठरते’ हा शेवट आधीच्या विवेचनातूनच आला आहे आणि दुसऱ्या कोणत्याही निबंधाला जोडता येणार नाही. यावरून वर्गात घेता येण्याजोगी एक सोपी चाचणी मिळते : शेवटचा परिच्छेद वेगळा काढून वाचावा आणि तो कोणत्या विषयावरील निबंधाचा आहे हे वर्गाला ओळखायला सांगावे.

दुसरी उपयुक्त पद्धत म्हणजे शेवट झाकलेला निबंध वर्गाला देऊन प्रत्येकाकडून तो पूर्ण करून घेणे आणि मग शेवटांची तुलना करणे. कोणता शेवट विवेचनाशी जुळतो, कोणता नवाच मुद्दा घुसडतो आणि कोणता केवळ प्रस्तावनेची नक्कल करतो, हे मुलांना आपसातल्या चर्चेतून शिक्षकाच्या व्याख्यानापेक्षा लवकर उमगते. समारोपात नवा पुरावा आणू नये हा नियमही तेव्हाच पटतो.

हे सारे प्रामुख्याने वैचारिक निबंधाला लागू आहे. आत्मकथनात, उदा. कोल्हापुरातील रंकाळा तलाव स्वतःची व्यथा सांगत असेल तेव्हा, सिद्ध करण्याजोगी प्रतिज्ञा नसते. तेथे बोलणाऱ्याचा सूर शेवटपर्यंत टिकणे महत्त्वाचे असते, आणि अखेरीस तलावाने एकाएकी भाषण ठोकू लागणे हा नेहमीचा दोष आहे.

दहावीच्या 80 गुणांच्या, 3 तासांच्या मराठीच्या लेखी परीक्षेत निबंध अनेकदा अखेरच्या घाईत लिहिला जातो, त्यामुळे समारोप दोन ओळींत उरकला जातो. यासाठी कच्चा आराखडा करतानाच निष्कर्षाचे एक वाक्य लिहून ठेवण्याची सवय लावणे इष्ट ठरते. मधले मुद्दे त्या वाक्याच्या रोखाने निवडले जातात आणि वेळ कमी पडला तरी शेवट हाताशी असतो. वह्या तपासताना ‘शेवट सुधारा’ असा शेरा देण्याऐवजी ‘यावरून काय ठरले?’ असा प्रश्न समासात लिहिल्यास विद्यार्थ्याला स्वतःच्याच मधल्या परिच्छेदांकडे परत जावे लागते.