नवतप्यातला कूलर: वीज वाचते, पाणी जातं

नागपुरात फेब्रुवारी संपत आला की रस्त्याकडेच्या कारखान्यांतून पत्रा ठोकल्याचा आवाज येऊ लागतो. घरोघरी माळ्यावरचा, गच्चीवरचा कूलर खाली उतरतो, पाण्याने भिजणाऱ्या जुन्या ताट्या निघतात, नव्या वूडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) किंवा वाळ्याच्या बसतात. मे अखेरीस नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागेपर्यंत खिडकीत कूलर नसलेलं घर शोधावं लागतं.

या पत्र्याच्या डब्याला कुणी ‘नवसंशोधन’ म्हणत नाही. माझ्या मते म्हणायला हवं.

पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. ४० अंशांच्या आसपास एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेतं, म्हणजे विजेच्या भाषेत पाऊण युनिटाच्या थोडं खाली. ही उष्णता ते ओल्या ताटीतून येणाऱ्या हवेकडूनच घेतं, म्हणून हवा गार होते. माठातलं पाणी गार होतं तेही याच कारणाने.

पण हवा किती गार होईल हे कूलरच्या किमतीवर ठरत नाही, हवेच्या कोरडेपणावर ठरतं. थर्मामीटरच्या टोकाला ओलं कापड गुंडाळून वारा घातला की पारा जिथे थांबतो, ते ‘ओल्या फुग्याचं तापमान’. कूलर त्याच्या खाली जाऊ शकत नाही. मेच्या दुपारी तापमान ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ही मर्यादा सुमारे २३ अंशांवर येते. ताट्या बऱ्यापैकी ओल्या असतील तर २९-३० अंशांची हवा मिळते. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर मर्यादाच २९ अंशांवर असते. मग कूलर गारवा फार तर तीनएक अंशांचा देतो आणि चिपचिप भरपूर. मुंबईत हे यंत्र का रुजलं नाही आणि विदर्भात का रुजलं, याचं उत्तर एवढंच आहे.

याच कारणाने दार-खिडकी बंद करून कूलर लावणं चूक. ओली हवा बाहेर गेली नाही तर खोलीतच आर्द्रता साठते आणि कूलर तीच हवा पुन्हा ओढू लागतो. कूलर खिडकीत, आणि समोरची खिडकी उघडी. नागपुरात हे कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्याला मात्र सांगावं लागतं.

आता धंद्याचं. पत्रा, मोटर, पाती, छोटा पंप, ताटी: एवढ्यात कूलर उभा राहतो आणि प्रत्येक भाग सुटा विकत मिळतो. पंप जळला तर पंप बदला, टाकी सडली तर तळाला पत्रा लावून घ्या. वायूची नळकांडी नको, कॉम्प्रेसर नको. त्यामुळे थोड्या भांडवलावर, चार-दोन कारागिरांना घेऊन माणूस कारखाना काढू शकतो. खरी अडचण कॅलेंडरची. माल हिवाळ्यात बनवायचा, पैसा त्यात अडकवायचा आणि एप्रिलची वाट पाहायची. अवकाळी पावसाचे दोन आठवडे आले की गिऱ्हाईक पांगतं. स्वस्त मालात अर्थिंगकडे दुर्लक्ष होतं, हा या धंद्यावरचा खरा डाग. पत्रा, पाणी आणि वीज एकत्र आल्यावर शॉक लागून माणसं जातात. टाकीत आठवडाभर पाणी साचलं तर डेंग्यूचा डास तयार होतो, तो वेगळाच.

पण मला जास्त खुपतो तो पाण्याचा हिशेब. मध्यम कूलर सुमारे २०० वॉट वीज घेतो आणि भर उन्हात ताशी १५ लिटर पाणी उडवतो. दहा तासांचे झाले २ युनिट आणि १५० लिटर. तेवढ्याच वेळात दीड टनाचा एसी १२ युनिट घेतो असं धरू. विजेत कूलर सरळ जिंकतो. औष्णिक वीज केंद्रातही पाणी लागतं, तेव्हा एसीही कोरडा नाही, पाण्याचा हिशेब बरोबरीत सुटेल, असं मला वाटलं होतं. २०१५ साली जुन्या केंद्रांसाठी ठरलेली पाणीवापराची मर्यादा युनिटामागे साडेतीन लिटरची. म्हणजे एसीच्या १२ युनिटांमागे ४२ लिटर. कूलरचे स्वतःचे १५० आणि विजेमागचे ७ मिळून १५७. पाण्यात कूलर चक्क हरतो!

ज्या वस्तीत टँकर येतो तिथे हा हिशेब कागदावर राहत नाही. भर दुपारी टाकी भरायची की उद्याच्या स्वयंपाकाला ठेवायचं, हे घरातली बाई ठरवते. ताट्यांवर ताशी किती पाणी पुरे, हे हवेची आर्द्रता बघून ठरवणारा आणि पत्र्याच्या कूलरला बसेल असा स्वस्त नियंत्रक कुणी बनवला, तर त्याला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागणार नाही. अर्थात वाफ होण्यात जाणारं पाणी त्यानेही वाचणार नाही. जुलैतली उगाचची ओल आणि सांडणारं पाणी तेवढं वाचेल.

शहराने मात्र एक अदलाबदल आधीच केली आहे. नागपूरच्या भांडेवाडीत सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीज केंद्राला द्यायचा प्रकल्प दिवसाला १३ कोटी लिटरचा आहे. असं पाणी कूलरमध्ये घालता येत नाही, पण केंद्राच्या शीतक मनोऱ्यात चालतं, आणि तेवढं धरणाचं पाणी मोकळं होतं. मी सहज भागाकार केला: १३ कोटी भागिले १५०. साडेआठ लाखांहून जास्त कूलर.