नाल्याच्या वाटेने येणारा पूर: तापीकाठच्या गावाचा नकाशा

समुद्रकाठच्या गावासाठी त्सुनामीच्या धोक्याचा नकाशा करताना खाडीवर बारीक नजर ठेवावी लागते. मोकळ्या जमिनीवर लाटेचा जोर लवकर ओसरतो. खाडीच्या पात्रातून मात्र पाणी बरंच आत घुसतं. खानदेशात समुद्र नाही, पण तापीकाठी पाण्याची चाल अशीच असते. इथली बरीच गावं उंच दरडीवर वसली आहेत आणि दरडीला जागोजाग घळी पडल्या आहेत. नदीला दरड चढावी लागत नाही. ती गावामागच्या नाल्यात उलटी शिरते.

हा फुगवटा किती आत जाईल, याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. नाल्याच्या तळाचा उतार ५०० मीटरला १ मीटर धरा. नाल्याच्या मुखाशी तापीचं पाणी तळापासून ४ मीटर चढलं, तर तुंब सुमारे २ किलोमीटर मागे जाते. त्याच वेळी सातपुड्यात जोराचा पाऊस झाला, की वरून येणाऱ्या पाण्याला वाट उरत नाही. म्हणून गणित तीनदा करावं: तापीवरच्या हतनूर धरणाचा मोठा विसर्ग पण नाला शांत, नाल्याला पूर पण तापी उतरलेली, आणि दोन्ही एकदम.

खरी मेहनत उंची मोजण्यात आहे. उपग्रहाच्या मोफत उंची-नकाशात एक चौकट ३० मीटरची असते. १० मीटर रुंदीचा नाला त्यात हरवतो. केळीच्या बागेचे शेंडेही जमिनीत धरले जातात. घरात दोन फूट पाणी येईल की चार, हे त्यावरून ठरवणं धोक्याचं आहे. कपाशी निघाल्यावर, उन्हाळ्यात शिवार मोकळं असताना ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजणारी दुर्बीण) घेऊन नाल्याचे आडवे छेद घ्यावेत, म्हणजे पात्राच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतच्या उंच्या मोजाव्यात. साधारण ५० मीटरवर एक, शिवाय प्रत्येक फरशी पुलाच्या वर आणि खाली एकेक. छेद प्रवाहाला काटकोनात असावा आणि दोन्ही बाजूंना पूर पोचणार नाही अशा उंचीपर्यंत न्यावा. तो काठावरच थांबवला, तर पुराचं गणित करणारा संगणक तिथे उभी भिंत आहे असं धरतो आणि पातळी फुगवून दाखवतो.

जुन्या पुराच्या खुणा याच फेरीत मोजाव्यात. घराच्या आतल्या भिंतीवरची गाळाची रेघ सर्वांत भरवशाची, कारण तिथे पाणी संथ असतं. झाडाला अडकलेला कचरा फसवतो: प्रवाह बुंध्यावर आपटून वर उसळतो, फांद्याही पुरात वाकलेल्या असतात. प्रत्येक खूण एकाच बेंचमार्कला, म्हणजे उंची पक्की माहीत असलेल्या खुणेला, जोडली नाही, तर आकड्यांची तुलनाच होत नाही.

मग पात्राचा खडबडीतपणा. पाण्याचा वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात खडबडीतपणाचा आकडा स्वच्छ पात्राला ०.०३ ते ०.०३५ धरतात, बाभळी माजलेल्या नाल्याला ०.०७ किंवा त्याहून जास्त. आधी माहितीचा पूर चालवून बघावा आणि गणिताची पातळी खुणांशी ताडावी. ती जुळवण्यासाठी हा आकडा ०.१५ वर न्यावा लागला, तर दोष आकड्यात शोधू नये. बहुधा पुलाच्या मोऱ्या पऱ्हाटी (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) आणि झुडपांनी तुंबलेल्या होत्या. मोऱ्या अर्ध्या बंद धरून गणित पुन्हा करावं. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी बाजारपेठेत शिरलं. अशा लहान नद्यांवर पुलाची प्रत्येक मोरी मोलाची असते.

महाराष्ट्रात निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे शब्द गैरसमज करून देतात. निळ्या रेषेपर्यंत पाणी पोचण्याची शक्यता दर वर्षी ४ टक्के, म्हणजे ३० वर्षांत निदान एकदा सुमारे ७० टक्के. लाल रेषेलाही ती २६ टक्के भरते.

गावासाठी नुसत्या रेषा पुरत नाहीत. खोली मीटरमध्ये आणि वेग सेकंदाला मीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार नकाशावर रंगवावा. तो ०.४ च्या वर गेला की मुलं आणि म्हातारी माणसं पाय रोवून उभी राहू शकत नाहीत. म्हणजे गुडघाभर पाणीही वेगात असलं तर पुरे. कोणता रस्ता सर्वांत आधी बंद होतो, तेही दाखवावं. बहुतेक वेळा तो नाल्यावरच्या फरशीचा असतो आणि गावठाण कोरडं असतानाच बुडतो. फरशी उंच करून बांधली, की जुना नकाशा बाद: तीच फरशी आता बांधासारखी पाणी अडवते, म्हणून तिथले छेद नव्याने घ्यावे लागतात.