रीफ शार्क आणि ब्लॅकटिप: नावातला एक शब्द गाळला की काय होतं

फ्लोरिडाच्या किनाऱ्याला खेटून हजारो शार्क चाललेत, विमानातून टिपलेलं दृश्य, आणि खाली ओळ: ‘रीफ शार्कचं महास्थलांतर’. दर हिवाळ्यात हा व्हिडिओ फिरतो आणि दर हिवाळ्यात माझं डोकं फिरतं. ते रीफ शार्क नाहीतच. ते आहेत ब्लॅकटिप. ब्लॅकटिप रीफ शार्क हा वेगळा मासा, प्रवाळभिंतीवर म्हणजे रीफवर राहणारा. पुढे ‘रीफ शार्क’ म्हणतोय तो हाच.

रीफवाला तुम्ही पाहिलेला असतो. मत्स्यालयांतला तोच तो, बोथट तोंडाचा, पाठीवरच्या पराच्या काळ्या टोकाखाली पांढरट पट्टा असलेला. नुसता ब्लॅकटिप अंगानं मोठा, तोंड निमुळतं, पाण्याबाहेर गिरक्या घेत उडी मारतो. दिसण्याचं एवढं पुरे. काळ्या टोकांवरून जात ओळखायला जाऊ नका, ती कितीतरी शार्कना असतात.

खरी गल्लत ‘स्थलांतर’ या शब्दाची. पॅसिफिकमधल्या पाल्मायरा कंकणद्वीपावर ब्लॅकटिप रीफ शार्कना ट्रान्समीटर लावून त्यांचा माग काढला, तेव्हा एकेकाचा वावर सरासरी अर्ध्या चौरस किलोमीटरच्या आसपास निघाला. भरती-ओहोटीबरोबर थोडं इकडे, थोडं तिकडे. माजघरातून ओसरीवर येण्याला आपण स्थलांतर म्हणतो का?

ब्लॅकटिप जानेवारी ते मार्च दक्षिण फ्लोरिडात गर्दी करतात. पाणी साधारण २५ अंशांच्या वर जायला लागलं की उत्तरेची वाट धरतात, जॉर्जिया-कॅरोलायनाच्या किनाऱ्याकडे. तिथल्या उथळ पाण्यात पिल्लं होतात, आणि थंडी पडली की पुन्हा दक्षिण. ऋतू ठरलेला, वाट ठरलेली, परतणंही ठरलेलं. याला स्थलांतर म्हणायचं.

एक अपवाद मीच सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी तोच तोंडावर फेकणार. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटाजवळच्या काही रीफ शार्क माद्या पिल्लं घालायला सुमारे ५० किलोमीटरवरच्या तेतिआरोआला जातात. पिल्लांच्या जनुकांवरून आया शोधल्या, तेव्हा २०१३ मध्ये हे उजेडात आलं. म्हणजे माहेरपणाला जातात, वर्षभर फिरत नाहीत. पण नुसतं मोरेआ राखलं तर बाळंतिणीची खोली उघडीच राहते, हे लक्षात घ्या.

शार्क वाचवायचे म्हटलं की ‘राखीव क्षेत्र करा’ हे उत्तर तयार असतं. रीफ शार्कना ते बऱ्यापैकी लागू पडतं, कारण ते कुंपणाच्या आतच राहतात. उलट बाजूही तीच: एका प्रवाळभिंतीवर जाळी टाकून ते संपवले तर शेजारून भरपाई लवकर होत नाही. ब्लॅकटिपला मात्र एका जागेचं कुंपण काय कामाचं? आज तो या राज्याच्या पाण्यात, दोन महिन्यांनी दुसऱ्याच्या. म्हणूनच अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांना २००८ मध्ये शार्कच्या मासेमारीसाठी समाईक आराखडा करावा लागला. दोन्ही जाती आज आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहेत. २०२२ मध्ये पनामात त्यांचं अख्खं कुळ साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात घेतलं गेलं. चांगलंच झालं, पण तो आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा लगाम आहे. जाळं कुठे टाकायचं नाही, हे तो सांगत नाही.

आणि त्या व्हिडिओतली गर्दीही आता दरवर्षी सारखी नसते. हिवाळा उबदार गेला की ब्लॅकटिप दक्षिण फ्लोरिडापर्यंत कमी उतरतात, वरच थांबतात.