ईएसपी-३२ : बोलणं महाग, झोप स्वस्त

ईएसपी-३२ म्हणजे वाय-फायवर बोलू शकणारा, एका चिपमध्ये मावणारा छोटा संगणक. त्याचं मॉड्यूल, म्हणजे चिप आणि तिला लागणारे भाग बसवलेला तुकडा, हातात घेतलं की आधी नजरेत भरतं ते पत्र्याचं झाकण आणि त्याच्या वरच्या कडेला छापलेली तांब्याची नागमोडी रेघ. सगळं मिळून लांबी साडेपंचवीस मिलिमीटर, रुंदी अठरा. झाकणाखाली चिप, फ्लॅश मेमरी आणि ठोके देणारा स्फटिक असतो. ती नागमोडी रेघ म्हणजे अँटेना. २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर भरते आणि तिच्या पाव लांबीची, म्हणजे तीन सेंटिमीटरहून किंचित मोठी तार चांगलं काम देते. तेवढी तार सरळ बसवायला इथे जागा नाही, म्हणून ती वळणं देऊन छापली आहे. या कडेखाली दुसऱ्या बोर्डाचं तांबं येऊ देऊ नये आणि मॉड्यूल लोखंडी डब्यात तर मुळीच बंद करू नये. ‘रेंज येत नाही’ अशी तक्रार असेल तर कोडला हात लावण्याआधी डबा बघावा.

हे मॉड्यूल बनवणारी एस्प्रेसिफ ही कंपनी सिंगापूरचे अभियंते टिओ स्वी ॲन यांनी २००८ साली शांघायमध्ये स्थापन केली. आज तिचं एक कार्यालय पुण्यातही आहे. जगभरच्या हौशी मंडळींना ती माहीत झाली २०१४ मध्ये, ईएसपी-८२६६ या चिपमुळे. ही चिप बसवलेलं ईएसपी-०१ नावाचं आठ पिनांचं मॉड्यूल काही डॉलरांत मिळू लागलं. तोवर आर्डुइनोला, म्हणजे हौशी मंडळींच्या आवडत्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाला, वाय-फाय जोडायचं तर मूळ बोर्डाच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागत. कंपनीचा हेतू मर्यादित होता : दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरने (यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपने) टेलिफोन मोडेमच्या काळातले ‘एटी’ आदेश पाठवायचे आणि या चिपने ते ऐकून नेटवर्कशी बोलायचं. माहितीपत्रकं चिनी भाषेत होती. लोकांनी ती भाषांतर करून वाचली, तेव्हा कळलं की आत ८० मेगाहर्ट्झवर चालणारा ३२ बिटांचा प्रोसेसर आहे. त्याला आदेश देणारा आर्डुइनो उनो मात्र ८ बिटांचा, १६ मेगाहर्ट्झचा आणि दोन किलोबाइट रॅमचा. मग मधल्या आर्डुइनोची गरजच काय?

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने चिपवर थेट प्रोग्रॅम लिहिण्याचं सॉफ्टवेअर किट खुलं केलं. पुढच्या वर्षी आर्डुइनोच्या ओळखीच्या वातावरणातून तिच्यासाठी कोड लिहिता येऊ लागला. २०१६ मध्ये ईएसपी-३२ आला : २४० मेगाहर्ट्झपर्यंत धावणारे दोन गाभे (प्रोसेसरचे कोअर), ५२० किलोबाइट रॅम, वाय-फायच्या जोडीला ब्लूटूथ. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास याचा डेव्हलपमेंट बोर्ड, म्हणजे यूएसबीची वायर जोडून लगेच वापरता येणारा बोर्ड, सहज मिळतो.

बोर्ड विकत घेताना बहुतेकजण गाभे, मेगाहर्ट्झ, पिना मोजतात. माझ्या मते बॅटरीवर चालणाऱ्या प्रकल्पात पहिला आकडा बघायचा तो झोपेतल्या प्रवाहाचा. वाय-फायवर पूर्ण जोर लावून पाठवताना ईएसपी-३२ सुमारे २४० मिलिअँपिअर घेतो. ‘डीप स्लीप’मध्ये दोन्ही गाभे आणि रेडिओ बंद होतात, वेळ मोजणारा छोटा भाग तेवढा जागा राहतो आणि प्रवाह दहा मायक्रोअँपिअरच्या आसपास येतो. म्हणजे चोवीस हजारावा भाग. इतकी दरी असलेल्या यंत्राकडून काम करून घ्यायचं, तर ते जास्तीत जास्त वेळ झोपलेलं हवं.

समजा, तापमान मोजणारा एक सेन्सर दर पंधरा मिनिटांनी जागा होतो. तीन सेकंदांत नेटवर्कला जोडून आकडा पाठवतो आणि झोपतो. त्या तीन सेकंदांत सरासरी १०० मिलिअँपिअर जातात असं धरू. दिवसात ९६ वेळा जाग, म्हणजे २८८ सेकंद, म्हणजे आठ मिलिअँपिअर-तास. उरलेल्या सगळ्या झोपेचा खर्च पाव मिलिअँपिअर-तासाहून कमी. २५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल या हिशेबाने तीनशे दिवस पुरेल. तोच सेन्सर सतत जागा ठेवला, तर साधारण पंचवीस तास. सेलची आपोआप होणारी गळती यात धरलेली नाही, पण दोन आकड्यांमधला फरक तिने झाकला जाणार नाही.

प्रत्यक्षात मात्र अनेकांचा सेल तीन आठवडेही टिकत नाही आणि दोष चिपला दिला जातो. दोष बहुधा डेव्हलपमेंट बोर्डाचा असतो. त्यावर यूएसबीचे ५ व्होल्ट ३.३ वर आणणारा १११७ जातीचा रेग्युलेटर असतो. चिप झोपली तरी तो स्वतःपुरते पाचेक मिलिअँपिअर खात राहतो. दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेन्सरच्या सगळ्या कामाच्या जवळपास पंधरापट! शिवाय त्याला आत येणारा विजेचा दाब (व्होल्टेज) बाहेरच्यापेक्षा व्होल्टभर जास्त लागतो, त्यामुळे एकट्या लिथियम सेलवर तो नीट चालतही नाही. पॉवरचा तांबडा एलईडी आणि यूएसबीची चिप यांचा खर्च वेगळाच. शिकायला डेव्हलपमेंट बोर्ड उत्तम. बॅटरीवर महिनोन्महिने ठेवायचं असेल तर सुटं मॉड्यूल घ्यावं आणि स्वतः काही मायक्रोअँपिअरवर भागवणारा, पण गरज पडली की ५०० मिलिअँपिअर देऊ शकणारा रेग्युलेटर जोडावा.

त्या ५०० ची गरज क्षणभरच पडते, पण ती टाळता येत नाही. शेतातला पंप सुरू होताना घरातला दिवा क्षणभर मंदावतो, तसा रेडिओ सुरू होताच मॉड्यूलचा दाब खाली येतो. तो फार घसरला तर चिप स्वतःला रीसेट करते, पुन्हा रेडिओ लावते, पुन्हा रीसेट होते. लांब बारीक वायरी आणि सैल ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचून जोडायची पट्टी) असला की हे हमखास होतं. मॉड्यूलच्या पिनांजवळ शंभर मायक्रोफॅरडच्या घरातला, क्षणभरापुरती वीज साठवणारा एक कपॅसिटर लावला की बरेचदा प्रश्न सुटतो.

जागं राहण्याचे ते तीन सेकंदही कमी करता येतात. ते मोजमापात जातच नाहीत. जातात राउटर शोधण्यात, ओळख पटवण्यात आणि आयपी पत्ता मागण्यात. डीप स्लीपमधून उठल्यावर प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू होतो आणि नेहमीची रॅम पुसलेली असते. पण वेळ मोजणाऱ्या भागापाशी आठ किलोबाइटची एक मेमरी शाबूत राहते. राउटरचा चॅनेल आणि पत्ता तिथे लिहून ठेवला आणि आयपी कायमचा ठरवून दिला, तर जोडणी सेकंदाच्या आत होऊ शकते. राउटर पूर्णच टाळायचा असेल तर ईएसपी-नाऊ ही कंपनीची स्वतःची पद्धत आहे. तिच्या मूळ आवृत्तीत एक मॉड्यूल दुसऱ्याला २५० बाइटांपर्यंतचा निरोप थेट पाठवतं. तापमानाच्या आकड्याला एवढे बाइट भरपूर झाले.

इथे एक मोह होतो. सुरक्षित, कूटबद्ध जोडणीला जास्त वेळ जागं राहावं लागतं, म्हणून ती काढून टाकावीशी वाटते. घरातल्या घरात फिरणाऱ्या तापमानाच्या आकड्यासाठी मी एकवेळ हे समजू शकतो. कुलूप, पंप किंवा गॅसची झडप इंटरनेटवरून चालवायची असेल तर अजिबात नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. अशा यंत्राला वीज जास्त लागत असेल तर सेल मोठा घ्यावा.

शेतात मात्र वाय-फायचा जोर लवकर संपतो. घरापासून अर्ध्या किलोमीटरवरच्या विहिरीपर्यंत तो पोचवण्यासाठी धडपडण्यापेक्षा तिथे लोरा, म्हणजे हळू पण लांबवर बोलणारा, रेडिओ जोडावा. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा विनापरवाना पट्टा आहे. लोराचा वेग फार कमी, पण विहिरीच्या पातळीचा एक आकडा पाठवायला तो पुरतो.

कोणताही उपाय केला तरी झोपेतला प्रवाह स्वतः मोजावा, आणि मोजताना एक काळजी घ्यावी. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरवर लावला की त्याच्या आतला रोध मोठा असतो. मॉड्यूल जागं होताच त्या रोधावरच दाब पडतो, चिपपर्यंत पुरेसे व्होल्ट पोचत नाहीत आणि ती रीसेट होत राहते. म्हणून मीटरच्या दोन टोकांना समांतर एक स्विच लावावा. मॉड्यूल जागं असेपर्यंत तो ‘ऑन’ ठेवायचा, म्हणजे प्रवाह मीटरला वळसा घालून जातो. मॉड्यूल झोपलं की स्विच ‘ऑफ’ करायचा आणि मग मीटरवरचा आकडा वाचायचा.